तारवाल्यांनी काढलेला बिघाड

व्रतं मी पुष्कळ केली. काही नवसाची, काही नुसत्या हट्टाची. काही पुरी झाली, काहींतून देवानेच माझी दया येऊन अर्ध्यावर सोडवलं. पण एक व्रत मी धरलं ते कुठल्या पोथीत सापडायचं नाही. दिवेलागणीनंतर थोडा वेळ हातात काही धरायचं नाही. सुई नाही, पळी नाही, फोन नाही, जपमाळसुद्धा नाही. रिकाम्या हातांनी घरातल्या एका माणसाजवळ जाऊन बसायचं, इतकंच. जाऊबाई हसल्या होत्या. म्हणाल्या, हे बरं आहे, आता आळसालाही पुण्य मिळणार.

हे व्रत मला माझ्या चुलत सासऱ्यांनी दिलं, आणि आपण दिलं हे त्यांना ठाऊकही नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस. दिवा गेला तर तार बघावी, मांत्रिक बघू नये, असं म्हणणारा. एका रात्री जेवणं आटोपल्यावर गच्चीवर पोरं त्यांच्या मागे लागली, भुताची गोष्ट सांगा म्हणून.  काका म्हणाले, गोष्ट मला येत नाही, घडलेलं सांगतो, मध्ये कुणी बोलायचं नाही. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

*

आमच्या मागच्या गल्लीत तारवाले राहायचे. तार-टेलिफोनच्या कचेरीत नोकरी झालेली, म्हणून तारवाले. निवृत्तीनंतर त्यांना एकच छंद लागला, घरी अँप्लिफायर बनवायचा. आत्ताचा चिपवाला नव्हे. जुन्या रेडिओत असायचे ना, तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. चालू केला की व्हॉल्व्हच्या पोटातली तार निखाऱ्यासारखी तापते, खोलीत नारिंगी उजेड पडतो, आणि मग आवाज येतो. तारवाले म्हणायचे, बाजारच्या डब्यातून आवाजाची नुसती हाडं येतात, व्हॉल्व्हमधून अंगासकट आवाज येतो.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनींचा आवाज असा, की त्यांनी गॅलरीतून “अहो, जेवायला या” म्हटलं की गल्लीतले चार नवरे उठायचे. तारवाल्यांच्या छंदाला त्या “आमच्या ह्यांची काचेची वांगी” म्हणायच्या.

मग वहिनींच्या घशात गाठ निघाली. काढली, तर पुन्हा आली. आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, ओठांना कान लावला तरच कळेल अशी. डॉक्टरांनी एक तयार यंत्र आणून दिलं. त्यातून वहिनींचा आवाज निघाला तो पत्र्याच्या डब्यात किल्ल्या हलवल्यासारखा. वहिनींनी ते यंत्र बाजूला सारलं ते पुन्हा हातात घेतलं नाही. त्याच दिवशी तारवाल्यांनी मनाशी घेतलं. असा अँप्लिफायर करीन, की कुजबुज आत घातली तर तिची ती जुनी हाक बाहेर येईल. डॉक्टरांनी त्यांना दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, आता फार दिवस नाहीत. त्यांनी ते ऐकलं, आणि ते दुप्पट जोराने कामाला लागले.

अडचण एकच होती. अँप्लिफायर घुमायचा. काही न लावताही त्यातून घूं असा बारीक आवाज यायचा. गाणं लावलं तर तो झाकला जातो. पण कुजबुज असली तर तोच कुजबुजीला झाकून टाकतो. मग हे छंदी लोक काय करतात, तर माइक जोडायची जागा तारेचा तुकडा लावून बंद करतात, म्हणजे आत काही शिरायला वाटच नको. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवतात. आणि स्पीकरला कान लावून बसतात. जितकं कमी ऐकू येईल तितकं काम चांगलं. घूं कुठून येतो ते शोधायचं, तिथला कथलाचा डाग, म्हणजे तारेचा सांधा, सुटा करायचा, तार दुसरीकडे न्यायची, पुन्हा डाग द्यायचा, पुन्हा कान लावायचा. तारवाले रात्र रात्र तसे बसायचे. वहिनी पलीकडच्या खोलीत.

मार्चमधला शेवटचा शनिवार होता. त्यांचा एक ट्रान्सफॉर्मर मी नव्याने तार भरून आणला होता, तो द्यायला उन्हं कलल्यावर गेलो. आधी वहिनींकडे डोकावलो. त्यांनी बोट हलवून जवळ बोलावलं. मी खाटेशी बसून कान ओठांपाशी नेला.

म्हणाल्या, “त्यांना सांगा, एवढा खटाटोप कशाला? कान इथवर आणला की येतं ऐकू.”

मी निरोप जसाच्या तसा पोचवला. तारवाल्यांनी मान वर केली नाही. ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन तोलून बघितला आणि म्हणाले, “आज रात्री होतंय. उद्या सगळ्या गल्लीला तिची हाक ऐकवतो.” डोळे असे लाल, की माझ्याने वाद घालवेना. मी बाहेर पडलो तेव्हा गल्लीतले दिवे लागत होते.

पुढचं मला त्यांनी स्वतः सांगितलं. अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

अकरा वाजून गेले होते. वारा नव्हता. नवा ट्रान्सफॉर्मर बसवून त्यांनी अँप्लिफायर चालू केला. माइक अजून कपाटात होता, खोक्यातून काढलेलाही नव्हता. बटण पूर्ण फिरवलं. कान लावला. घूं जवळजवळ गेला होता. जवळजवळच.

कारण त्याच्या तळाशी काहीतरी होतं.

अगदी बारीक. बाईमाणसाचा आवाज.

“अहो…”

तारवाले हसले. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये एखादी तार लांब राहिली की ती कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडते. नेहमीचा बिघाड. त्यांना वाटलं, कुठे नाटक लागलंय. त्यांनी तार शोधली. आखूड केली. डाग दिला. कान लावला.

“अहो… ऐकताय ना…”

अजून आहे म्हणाले. अर्थिंगची तार हलवली. दुसरीकडे नेली. पुन्हा डाग.

“जवळ या…”

आता अगदी क्षीण. आणखी एक डाग. की गेलंच.

त्यांनी तो दिला.

कान लावला.

काही नाही. घूं नाही. स्टेशन नाही. तसली शांतता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. त्यांना रडू आलं, पोरांनो. आनंदाने. माइक काढला, जोडला, मधल्या बोळातून तार ओढत वहिनींच्या खोलीत नेली. वहिनी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. माइक उशीवर ठेवला, “बोल” म्हणाले, आणि ऐकायला धावत परत आले.

स्पीकरमधून वहिनींच्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. टक. टक. इतकं स्वच्छ.

बाकी काही नाही.

त्यांना वाटलं, लाजत असेल. थांबले. मग वाटलं, झोप लागली असेल. पण झोपलेल्या माणसाचा श्वास तरी…

घड्याळ तेवढं वाजत होतं.

तेव्हा ते उठले. या वेळी चालत गेले.

डॉक्टर मध्यरात्रीनंतर आले. हात लावून बघितलं. म्हणाले, बऱ्याच वेळापूर्वी गेल्यात. दिवे लागायच्या सुमारास.

*

इथे काका थांबले. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मग पुन्हा बोलू लागले.

*

तेरावं होऊन गेल्यावर तारवाले माझ्या दारात आले. दाढी वाढलेली. म्हणाले, तुम्ही हुशार आहात, एक काम करून द्या. त्या रात्री होता तो बिघाड मला परत आणून द्या. मी जन्मभर लोकांचे बिघाड काढले. बिघाड आणून द्या म्हणणारा हा एकच माणूस भेटला.

मी समजावलं, ते स्टेशनच असेल. ते म्हणाले, असेल. मग ते पुन्हा लागू दे. मी म्हटलं, नाही लागलं तर? त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “तिने तीनदा हाक मारली. मी तीनदा डाग दिला.”



मी त्यांच्याबरोबर बसलो. प्रत्येक डाग सुटा केला, प्रत्येक तार जुन्या जागी नेली. आखूड केलेली तार होती तेवढी लांब केली. ट्रान्सफॉर्मर काढला, पुन्हा घातला. काळोख पडला. अँप्लिफायर चालू केला, आणि घूं आला. पूर्वीसारखा, भरभरून. तारवाल्यांनी कान लावला. तासभर. दोन तास. मीही लावला. घूं… नुसता घूं. त्यांचे ओठ हलत होते. बोल, बोल, म्हणत होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शेवटी मी म्हटलं, आता पुरे. भिंतीतून प्लग काढला.

व्हॉल्व्ह विझत गेले. नारिंगी, मग तांबडे, मग काळे. घूं खाली खाली जात थांबला. खोलीत पूर्ण अंधार.

तारवाल्यांनी कान काढला नाही.

मी हाक मारली. त्यांनी हाताने मला गप्प केलं.

आणि मग ते बोलू लागले. स्पीकरशी. हळू.

“हो…”

“हो गं… आलो ना…”

“नाही… आता कुठे जातोय…”

मध्ये मध्ये थांबायचे. समोरचं माणूस बोलत असलं की आपण थांबतो, तितकंच. मी दुसऱ्या बाजूने कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगतो, काही नाही. पण तारवाले त्या न ऐकू येणाऱ्याला उत्तरं देत राहिले. एकदा तर हसले. कितीतरी वेळाने त्यांचं बोलणं थांबलं, आणि तसेच स्पीकरवर डोकं टेकून ते झोपले. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा.

मी उजाडेपर्यंत भिंतीला पाठ लावून बसून होतो.

सकाळी त्यांना खाटेवर निजवलं आणि तो स्पीकर कोपऱ्यात ठेवायला उचलला. त्याच्या पेटीची पाठ उघडी होती, बोटं आत गेली, आतल्या कागदी पडद्याला लागली.

पडदा ओला होता.

पुढून नव्हे. पुढून असता तर म्हटलं असतं, हे रडले असतील. मागून. आतून. मधोमध एक वाटोळा डाग, तोंडाएवढा. आणि कोमट.

मी तो गच्चीवर नेऊन दिवसभर कडक उन्हात वाळवला. खडखडीत झाला. दिवे लागायच्या वेळी खाली आणताना सहज हात घातला.

पुन्हा ओला होता.

*

काका एवढंच बोलले आणि उठून आत गेले. तारवाल्यांचं पुढे काय झालं, ते आम्ही विचारलं नाही.  मग माझा थोरला, जो एरवी फोनवरून मान वर करत नाही, तो येऊन माझ्याजवळ बसला.  

मला तारवाल्यांचा राग येत नाही. त्यांचं प्रेम खरं होतं, मेहनतही खरी होती. आपणही तेच करतो. ज्याच्यासाठी राबतो, त्याच्याकडे पाठ करून राबतो. ती हाक कुठून आली, ते मला सांगता येणार नाही. पण गेल्यावरही कुणी इतकं धडपडून हाक मारत असेल, तर त्या माणसाची माया शिल्लक होती, रागावलेली नव्हती, असं मी धरून चालते.

म्हणून तुम्हाला एक विनंती. हे व्रत तुम्हीही धरा. सोवळं नको, उपास नको, खर्च नाही. आज दिवे लागले की हातातलं खाली ठेवा, घरात जे कुणी सगळ्यांत हळू बोलतं त्याच्यापाशी जा, आणि कान अगदी जवळ न्या. काही ऐकू आलं नाही तरी लगेच उठू नका.