मोटारीला जवसाचं तेल

दसऱ्याच्या सकाळी रुख्मिणीनं वडिलांच्या काळ्या मोटारीला जवसाचं तेल चोपडलं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

तिचंही काय चुकलं म्हणा. वडनेर भोलजीच्या शेतावर दर दसऱ्याला बैलगाडीच्या चाकांना, नांगराला जवसाचं तेल दिल्याशिवाय पूजाच होत नसे. नांदुऱ्याला घर केलं, दारात मोटार आली, म्हणून रीत थोडीच बदलते? तिनं हात भरभरून तेल लावलं, झेंडूची माळ घातली आणि आरतीचं ताट आणायला आत गेली. नेमका त्याच मुहूर्तावर शेजारच्या कापसाच्या जिनानं हंगामाचा पहिला भोंगा दिला. यंत्रं धडधडली, पंख्यानं रुईचा भुगा आणि धूळ भिंतीपलीकडे फेकली, आणि ताट घेऊन रुख्मिणी बाहेर येते तो... मोटार कुठली, अंगणात पांढरीशुभ्र मेंढी उभी.

"जिनवाल्यायनं माह्या मोटारीचं वाटोळं केलं," तिचे वडील भगवंतराव गरजले. तपकीर ओढून ओढून त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं, तेलाचा वास त्यांना कुठून यायला! आणि रुख्मिणी? ती गप्प. खरं सांगावं तर मोटारीला हात लावणं बंद. उभ्या नांदुऱ्यात मोटार हाकायला शिकणारी ती एकटी पोर. हे सुख तिला सोडवेना.

शेजारच्या गीताबाईही आल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या धुण्यावर बोटभर रुई बसली होती. मग जिनाकडे बोलावणं गेलं आणि नवा फिटर आला. इंद्रभान त्याचं नाव. "रोहिणखेडचा हाये, आपल्यातलाच," गीताबाई कुजबुजल्या. उंच, सावळा, भुवयांवरसुद्धा रुई. त्यानं बोनेटवरून एक बोट फिरवलं, नाकाशी नेलं... आणि सरळ रुख्मिणीकडे पाहिलं.

मेले आता, तिला वाटलं. तिनं तेलकट हात पदराआड लपवले. त्याला ते दिसलंच, आणि त्याच्या डोळ्यांत हसू आलं.

"चूक माही हाये, मालक," तो भगवंतरावांना म्हणाला. "पंख्याचं तोंड इकडं राह्यलं. रोज सांजी येऊन मोटार पुसून देतो."

रुख्मिणी बघतच राहिली. कोण कुठला हा, आणि आपला आळ स्वतःवर घेतो?

तो रोज यायचा. रॉकेलमध्ये भिजवलेलं मऊ फडकं, आणि अगदी सावकाश हात. रुख्मिणी ओसरीवर बसून लक्ष ठेवायची — मोटारीवर, असं ती आईला सांगायची.

"चार दिस झाले, अजून एकच दार पुसून राह्यले तुमी," ती एकदा म्हणाली.

"घाई केली तं रंग जाते."

"जिनातबी एवढाच हळू हात चालते काय?"

"जिनात ओसरीवरून पाहाले कोणी नसते."

तिचे कान तापले. तरी ती उठली मात्र नाही. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "काऊन लपवलं बाबापासून?"

"सांगीन... कधीतरी."

एकीकडे त्यानं पंख्याचं तोंड फिरवलं आणि त्यापुढे ओल्या बारदानाचे पडदे टांगले, धूळ तिथंच बसावी म्हणून. पडद्यांना सारखं पाणी लागे. रुख्मिणी आपल्या विहिरीचं पाणी ओढून भिंतीवरून बादल्या द्यायची. बादली देता-घेता बोटांना बोटं लागत आणि दोघांपैकी एकालाही ती सोडायची घाई नसे. गीताबाईंचं धुणं स्वच्छ वाळू लागलं.

पंधरा दिवसांत मोटारही स्वच्छ निघाली. पण रॉकेलनं तिची चमक गेली होती, आणि भगवंतरावांचा राग जसाच्या तसा. त्यांनी सी. पी. अँड बेरारच्या शिक्क्याच्या कागदावर तहसीलदारांना अर्ज लिहिला : निष्काळजी फिटरामुळे मोटारीचं नुकसान. जिनाच्या शेटजींनी आधीच बजावलं होतं, अर्ज गेला की फिटर गेला.

"हँडल मार बे," मोटारीत बसत भगवंतराव म्हणाले. अर्ज घेऊन मलकापूरला निघाले होते, आणि मोटार सुरू करून द्यायला समोर इंद्रभानच. त्यानं हँडल फिरवलं. मोटार सुरू झाली.

रुख्मिणी ओसरीवरून उठली. मोटार राहील, पण हा जाईल. ती धावत जाऊन मोटारीपुढे उभी राहिली.

"बाबा, त्यायची चूक नाही. मोटारीले जवसाचं तेल म्या लावलं होतं. रुई त्याच्यानंच चिकटली. मले मोटार सोडाची नव्हती, म्हणून मी बोलली नाही..."

भगवंतरावांनी लेकीकडे पाहिलं, मग फिटराकडे. "तुले ठाव होतं?"

"हाव."

"मंग काऊन बोलला नाही बे?"

इंद्रभाननं मान खाली घातली. "बोललो असतो तं... मोटार पुसाले मले कोणी बोलावलं असतं, मालक?"

भिंतीपलीकडे गीताबाईंना खोकला आला. भगवंतरावांनी चिमूटभर तपकीर ओढली, अर्जाची घडी केली, खिशात घातली.

"घरी कोण कोण हाये तुह्या?"

"माय हाये, दोन भाऊ हायेत," रुख्मिणीच बोलून गेली. "अन् सून आणाची घाई माय लई करून राह्यली."

आपण काय बोललो हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. इंद्रभान हसू दाबत हँडलकडे बघत होता.

"आजपासून तू मोटारीले हात लावाचा नाही," भगवंतरावांनी फर्मावलं.

"किती दिस, बाबा?"

"लगन होईस्तवर." मग ते इंद्रभानकडे वळले. "पाहून काय राह्यला? बस पुढं, रोहिणखेडचा रस्ता दाखव."

एवढी मोठी शिक्षा झाली, आणि रुख्मिणीला हसू काही आवरेना.