बारावा बार

दुपारचे दोन वाजायला सात मिनिटं होती. किरनापूरहून निघालेल्या आडरस्त्यावर एका म्हाताऱ्यानं अंकितच्या मोटरसायकलसमोर लाल झेंडा आडवा धरला.

"थांबा साहेब. खदानीत बार उडून राह्यला."

"किती वेळ लागन?"

"उडेपर्यंत," म्हातारा शांतपणे म्हणाला.

अंकित जनावरांच्या दवाखान्यात लस टोचायच्या कामावर होता. मागच्या सीटवर लसीची पेटी बांधलेली होती, पेटीत बर्फ होता, आणि कार्तिकातलं ऊन अजून चटका देत होतं. पुढच्या गावात लोकांनी धानाची कापणी अर्धवट टाकून गाई बांधून ठेवल्या होत्या. त्यानं झेंड्याच्या बाजूनं गाडी काढली. पाठीमागं शिटी वाजली. दहा पावलंही गेला नसेल, तोच मातीच्या ढिगावरून पिवळं हेल्मेट घातलेली एक मुलगी उतरली, आडवी उभी राहिली आणि काही न बोलता तिनं गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"काहून जी... मरायची घाई हाये का?"

"मले नाही, लसीले घाई हाये. बर्फ पिघलून राह्यला."

तिनं पेटीकडे पाहिलं, मग मोहाच्या झाडाकडे. "पेटी सावलीत ठेवा. किल्ली बार उडाल्यावर भेटन."

"तुमच्या साहेबाले बोलवा. बार कोण उडवते इथं?"

"मी," ती म्हणाली, आणि ढिगामागं निघून गेली.

म्हाताऱ्याचं नाव महागू. त्यानंच मग सांगितलं की ही रीना, डोमाजीची पोरगी. सुरुंग उडवायची परीक्षा देऊन पास झाली, सर्टिफिकेट आहे. डोमाजीनं जिंदगीभर या मँगनीजच्या खदानीत दगड फोडले, आता पोरगी बार भरते. "तिनं हात वर केला का इथं कुत्रंबी हलत नाही."

भोंगा वाजला. मग जमिनीखालून कुणीतरी मुठीनं ठोकावं तसा पहिला बार पायांत जाणवला. मग दुसरा. महागू बोटं दुमडत होता.

"मोजून राह्यले काय?"

"सारेच मोजतात. तिनं किती बार भरले, थे तिकडं पाटीवर लिहिते. एक जरी कमी वाजला तं अर्धा घंटा कोणी खाली उतरत नाही."

धूळ बसली, भोंगा पुन्हा वाजला, झेंडा खाली आला. रीना आली. भुवयांवर धूळ होती, आणि हसू दाबल्यासारखा खालचा ओठ आत घेतलेला.

"किती मोजले?"

"नऊ."

तिनं पाटीकडे बोट केलं. पाटीवर दहा होते.

अंकितचा चेहरा उतरला. "म्हणजे... एक आत राह्यला?"

"राह्यला असता तं मी इथं असती काय? सहावा न् सातवा लागोपाठ आले. मधातली जागा ऐका लागते." तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "ढोराईले टोचता, पण सोताचे कान साफ ठेवा."

तो पुढं गेला खरा, पण त्या दिवशी गाईला सुई लावताना त्याच्या कानांत सहावा आणि सातवा बार वाजत होते... आणि मधली ती जागा.

बालाघाटहून किरनापूरला येताना मोठ्या रस्त्यानं गेलं तर वीस मिनिटं वाचत. अंकितनं ती वाचवणं सोडलं. आठवड्यातून तीनदा, दोनला सात कमी असताना, तो झेंड्याशी हजर असायचा, आणि गाडी थांबवून किल्ली स्वतःच काढून हातात धरायचा.

"साहेब," महागू एकदा म्हणाला, "त्या गावातल्या गाईले आतापर्यंत चार-चार डाव सुई झाली असन. दूध देतेत का औषध?"

रीना मागून येत होती. तिनं ऐकलं, आणि मान वळवून हसली. ते हसू अंकितनं किरनापूरपर्यंत पुरवून वापरलं.

माघातल्या एका दुपारी बार होऊन गेल्यावर ती मोहाखाली पाणी प्यायला बसली. त्यानं विचारलं, "भेव नाही लागत?"

"लागते. म्हणून तं मोजते." ती थांबली. "दोन वाजता सारं गाव चूप होते. बाया हातातली पाण्याची गुंडी खाली ठेवतात, पोरं खेळता खेळता थांबतात. सारे माह्यासाठी कान देऊन राह्यतात. मले थे आवडते."

"मीबी देतो..."

"मालूम हाये."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. मग तिनंच विषय काढला. "दोन पोरं पाहून गेले मले. दोघायनंबी एकच सांगितलं, लग्नानंतर हे सोड. तुमी काय सांगसान?"

अंकितनं हातातली किल्ली पाहिली. ती तिच्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली.

"कामबी, किल्लीबी... तुमच्यापाशीच राहू द्या," तो म्हणाला.

रीनानं किल्ली उचलली नाही, परतही केली नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या, आणि हेल्मेट घालायची वेळ नसताना तिनं ते घातलं.

अंकितची आई शेवंताबाई पोरगी पाहायला यायला तयार झाली, पण अट घालून. मागच्या वर्षी लांजीला एका घरी मायलेकांना दोन तास बसवून ठेवलं होतं, आणि मग कुणी तरी बाहेर येऊन सांगितलं की पोरीचं दुसरीकडं ठरलं. तो अपमान शेवंताबाईच्या मनातून गेला नव्हता. "एकच डाव येईन," तिनं बजावलं. "पोरगी दिसली तं बोलू. नाही दिसली तं उठू. पुन्हा मले म्हणायचं नाही."

अंकितनं ते रीनाला जसंच्या तसं सांगितलं. "अडीच वाजता घरी असीन," ती म्हणाली. "वचन."

गुरुवारी मायलेक खदानीवरून गावात आले तेव्हा दीड वाजला होता. पाटीवर बारा लिहिलेले अंकितनं जाता जाता पाहिले. डोमाजीनं जयभीम केला, चटई टाकली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार होता, आणि आतून पोह्यांना फोडणी दिल्याचा वास येत होता. शेवंताबाईनं घर पाहिलं, अंगण पाहिलं, घड्याळ पाहिलं.

दोन वाजता भोंगा झाला. डोमाजी बोलता बोलता थांबला. अंकितही.

एक, दोन, तीन... सहा झाले, सात झाले. दहावा आणि अकरावा जवळजवळ आले, पण मधली जागा त्याला स्वच्छ ऐकू आली. अकरा.

मग काहीच नाही. अंकितनं मनात वीसपर्यंत मोजलं. अंगणात कोंबडी खुडखुडली, आणि दुसरा भोंगा झाला नाही. त्याची आणि डोमाजीची नजर भेटली. डोमाजीनं आधी वळवली.

"झाले बारा," डोमाजी घाईनं म्हणाला. "येतेच आता पोरगी. पोहे घ्या बाई."

होय म्हणणं सोपं होतं. अडीच वाजतील, तीन वाजतील, आई उठेल, आणि तोवर डोमाजी रस्त्याकडे पाहत राहील. फोन तर रीनाचा बारूदपासून दूर, खदानीच्या चौकीतल्या पेटीत बंद.

"नाही काका," अंकित म्हणाला. "अकराच."

डोमाजीनं मान खाली घातली.

"म्हणजे काय?" शेवंताबाईनं विचारलं.

"एक बार अटकला, आई. तो निपटल्याशिवाय थे येत नाही. आज पाच वाजतीन, सहाबी वाजतीन."

शेवंताबाईनं पदर सारखा केला. "लांजीसारखंच झालं म्हण."

"लांजीले पोरगी मागच्या खोलीत होती, आई. इथं खदानीत हाये. तिले येता येत नाही... तं आपण जाऊ."

शेवंताबाईनं लेकाकडे पाहिलं. इतकं सरळ तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. ती उठली, तेव्हा डोमाजीला वाटलं, संपलं. पण तिनं पोह्यांचं ताट उचललं आणि म्हणाली, "हे झाकून द्या. तिनं सकाळपासून काही खाल्लं नसन."

झेंडा रस्त्यावर आडवाच होता. महागूनं मायलेकांना मोहाखाली बसवलं. अडीच होऊन गेले होते, अर्धा तास सरला होता. रीना ढिगावरून उतरली ती पाणी घ्यायला, आणि समोर शेवंताबाई पाहून जागीच थबकली. अंगभर धूळ, घामाच्या रेघा... या भेटीसाठी तिनं घरी निळी साडी काढून ठेवली होती.

"जयभीम, आई," ती कशीबशी म्हणाली. "मले माफ करा. वचन देलतं..."

"दुसरा माणूस नाही काय इथं?"

"हाये. त्याच्या हवाली करता येते." रीनानं एकदा अंकितकडे पाहिलं. "पण तो बार मी भरला. कुठं, किती खोल, मलेच मालूम हाये. बाजूनं नवीन भोक पाडून उडवा लागते. दुसरा चुकला तं... मी तुमच्यापुढं चाय घेऊन कशी बसू?"

शेवंताबाईनं रीनाचे धुळीनं भरलेले हात पाहिले. मोहाचं एक पान तिच्या पायाशी पडलं.

"जा मंग," ती म्हणाली.

रीनाचा चेहरा पडला. "तुमी... निघून राह्यले?"

"कशी निघू?" शेवंताबाईनं महागूकडे बोट केलं. "हा बुढा झेंडा धरून उभा हाये, दिसत नाही? झेंडा खाली आल्याबिगर कोणाले जाता येते काय इथून?"

महागूनं झेंडा आणखी ताठ धरला. रीना वळली. दोन पावलं चालली, आणि मग चढ असूनही जवळजवळ पळत गेली.

सावली मोहाच्या या बाजूची त्या बाजूला गेली. खालून भोक पाडायच्या मशीनची घरघर येत राहिली, मग थांबली. शेवंताबाईनं महागूला पोह्यांतला वाटा दिला, पण रीनाचा झाकून ठेवला. अंकित बसत होता, उठत होता.

"बस रे," आई म्हणाली. "तुह्या चालण्यानं मले ऐकू येत नाही."

पाच वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला. शेवंताबाईनं डोळे मिटले.

बार वाजला. एकच, जड, खोल. मोहावरचे पोपट उडाले. महागूचं दुमडलेलं बोट तसंच राहिलं... आणि मग मोकळ्या रस्त्याचा भोंगा वाजला.

रीना आली तेव्हा उन्हाचा रंग पिवळा झाला होता. ती समोर उभी राहिली. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून ती रोजचंच बोलली.

"किती मोजले?"

"बारा," शेवंताबाई म्हणाली. "अकरा तुह्या घरी, एक इथं." तिनं ताटावरचं झाकण काढलं. "हात धू. मंग खा. चाय तुह्या बापाकडं राह्यला हाये, तो सारे मिळून पिऊ."

महागूनं झेंडा गुंडाळला. मायलेकांना आता जायला रस्ता मोकळा होता. अंकित गाडीपाशी गेला, किल्ली काढून घेऊन परत आला आणि रीनापुढं हात केला. या वेळी तिनं ती उचलली, धुळीचा डावा हात तसाच मिटला, उजवा धुतला, आणि ती मुठीत धरूनच पोहे खायला बसली.