खारवाडीची खेप

पाऊस लागून राहिला होता आणि आठाच्या सुमाराला वीज गेली. खट्-खट्-खट् चालणारे लूम एकदम थांबले. भिवंडीत लूम थांबले की माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो. कारागीर पोरं दारापाशी येऊन बसली. कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर कोकण किनारपट्टीला अतिवृष्टीचा इशारा चालला होता. त्यावरून बोलणं निघालं. लातूरकडचा अवधूत किल्लारीचं सांगत होता, तीन वर्षांपूर्वीचं. महमूद म्हणाला, त्याच्या अब्बांनी पानशेतचं धरण फुटल्यानंतरचं पुणं पाहिलंय. कुणी कोयनेचा भूकंप काढला, कुणी बहात्तरचा दुष्काळ.

लूम दुरुस्त करणारे म्हातारे चांगदेव जॉबर कोपऱ्यात तंबाखू मळत ऐकत होते. ते म्हणाले, "पाण्याचं वेगळं असतं. ज्या घरात ते एकदा शिरतं, तिथली वाट त्याला पाठ होते." मग थोडं थांबून म्हणाले, "केसरीनाथची गोष्ट सांगतो. कशेळीचा केसरीनाथ, माझा सख्खा मावसभाऊ. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. बॅटरी विझव रे, सेल उतरतील."

महमूदने बॅटरी विझवली.

*

एकोणनव्वद साल, चोवीस जुलै. आषाढ वद्य षष्ठी, सोमवार. तिकडे रायगडात त्याच दिवशी दरडी कोसळत होत्या, पण इकडे ते कुणाला ठाऊक नव्हतं. इकडे नुसता पाऊस होता, आदल्या रात्रीपासून न थांबलेला.

केसरीनाथची खाडीत रेतीची होडी होती. पावसाळ्यात रेती बंद, त्यामुळे होडी कशेळीच्या काठाला बांधून तो घरी जाळं विणत बसायचा. दुपारी दाऊद आला. दाऊदचे भिवंडीत लूम होते. माणूस मोठा पण बोलायला साधा. दोघांची लहानपणापासूनची ओळख; दाऊदची मावशी हबीबा केसरीनाथलाही खालाच.

"केसरी, एक काम होतं," चहा घेता घेता दाऊद म्हणाला. "हबीबाखाला खारवाडीत एकटीच आहे. रस्त्यावर गुडघाभर पाणी, रिक्षावाला येत नाही. तू होडीने तिला मानकोली नाक्यावर आणून सोड. मी तिथे थांबतो."

"खाला यील का पन?"

"मेरे नामसे बोल. म्हणावं, दाऊद रडतोय."

दोघं हसले. काम एवढंच होतं.

खारवाडी म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडची पाच-सात घरं. भाताची खाचरं, त्यापलीकडे बांध, बांधापलीकडे खाडी. त्या दिवशी उधाण नव्हतं. षष्ठीची भरती ती किती असणार? म्हणून केसरीनाथ निवांत होता. बांबू रेटत तो खाचरांवरून गेला, तेव्हा भाताचे शेंडे पाण्यावर दिसत होते.

हबीबाखाला यायला तयार झाली, पण निघायला तयार होईना. आधी कोंबड्या माळ्यावर चढवल्या. मग कुराणशरीफ मेणकापडात गुंडाळलं. मग पानाचा डबा सापडेना. केसरीनाथ दारात उभा राहून, "खाला, चल ना गो," करत राहिला. डबा सापडला तेव्हा दिवेलागण झाली होती. आणि ती होडीत बसते न बसते तोच उल्हास नदीच्या अंगाने आवाज आला.

गाडी पुलावरून जावी तसा आवाज. पण तिथे पूल नव्हता.

पाणी खाडीकडून आलंच नाही, ते पाठीमागून आलं. वरच्या अंगाने लोंढा आला आणि बांधाने तो आत अडवून धरला. भाताचे शेंडे बघता बघता नाहीसे झाले. पलीकडच्या घरातून लडकूची हाक आली, "केसरी! आरं हिकडं ये, भिंत गेली माझी!"

लडकू पन्नाशीचा, मिठागरावर राबून काळा पडलेला. त्याची बायको ठमाबाई, सून सरला आणि सरलाचं तान्हं पोर. मुलगा भिवंडीत लूमवर, शिफ्टला. केसरीनाथने होडी लडकूच्या ओट्याला लावली. अंधार पडला होता. बॅटरी त्याच्या दातांत, दोन्ही हात बांबूवर.

सरला पोराला छातीशी धरून उतरली. मग ठमाबाई. आणि ओट्याच्या कोपऱ्यातून आणखी एक बाई पुढे आली. पदर पुढे ओढलेला. ती कुणाचा हात न धरता होडीत उतरली आणि नाळेवर, पुढच्या टोकाला, खालाला लागून, पाठ करून बसली. शेजारपाजारची असेल, केसरीनाथला वाटलं. अशा वेळी कोण विचारतं?

मग लडकूने पाय टाकला.

होडीच्या काठावरून पाणी भसकन आत आलं. बायका ओरडल्या. लडकूने पाय मागे घेतला.

"बुडल र ही," तो म्हणाला. "तू जा. यांना सोरून ये."

केसरीनाथला कळेना. हीच होडी रेतीच्या पाट्या भरून डझनभर गडी घेऊन जायची. आज चार बायका नि एक पोर, आणि काठ पाण्यापासून चार बोटं? पण पाणी ओट्यावर चढत होतं. विचार करायला वेळ नव्हता.

"थांब लडकूदादा. आलोच परत."

"जा र, जा. मी माळ्यावर बसतो. बिडी हाय माझ्याकं." लडकू हसला. ठमाबाई मात्र हसली नाही. मागे वळून घराकडेच बघत राहिली.

होडी निघाली. निघाली म्हणजे काय, ढकलावी लागली. बांबू तळाला टेकवून केसरीनाथ सगळं अंग त्यावर टाकायचा, तेव्हा कुठे ती हातभर सरकायची. तारांचे खांब पाण्यात उभे होते, त्यांच्या अंदाजाने तो नाक्याकडे निघाला. लांब हायवेवर दाऊदची गॅसबत्ती लुकलुकत होती.

पोरसुद्धा रडत नव्हतं.

अर्ध्या वाटेवर त्याने बॅटरी पुढे धरली, खांब दिसावा म्हणून. उजेड नाळेवरच्या बाईच्या पाठीवर पडला. पाऊस धो धो कोसळत होता. सगळ्यांची लुगडी अंगाला चिकटली होती. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी जात होतं. आणि तिचा पदर... वाऱ्यावर उडत होता. सुका. भुरभुर उडत होता.

केसरीनाथने बॅटरी विझवली.

त्यानंतर त्याने पुढे पाहिलं नाही. गॅसबत्तीकडे बघत बांबू मारत राहिला.

हायवेच्या उतारावर दाऊद गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने एकेकीला हात देऊन वर घेतलं. खाला. सरला नि पोर. ठमाबाई.

"झाल्या सगळ्या?" दाऊदने विचारलं.

केसरीनाथने नाळेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. उतरताना त्याने कुणाला पाहिलंही नव्हतं. पण होडी वर आली नव्हती. माणसं उतरली की होडी उचलते, हलकी होऊन डुलते. ही डुलली नाही. काठ तसाच, पाण्यापासून चार बोटं.

वर हबीबाखाला सरलाला म्हणत होती, "बेटी, किती गार पडलाय गं तुझा हात. सबंध वाट धरून बसलीस, सोडलाच नाहीस."

सरला म्हणाली, "खाला, माझे दोनी हात बाळाला व्हते."

खालाने ठमाबाईकडे पाहिलं. ठमाबाईने मान हलवली. "मी मागं बसलेलू. तुझ्या शेजारी ती... ती तुझ्यातली न्हाय? मना वाटलं तुझी पावनी."

"माझ्याकडे कोण पाहुणी?"

गॅसबत्ती सूं सूं करत होती.

मग हबीबाखाला खाली बसली, रस्त्यावरच. म्हणाली, "अठ्ठेचाळीस साली मी नवी नवरी होते. तुफान आलं ते. दर्या बांधावरून आत आला. वाडीत एकच होडी होती. सगळे बसले, आणि एक बाई राहिली, माझ्यासारखीच नवी नवरी. एकटी होती बिचारी, नवरा मिठागरावर गेलेला. तिला म्हणाले, होडी भरली. थांब, आलोच परत." खालाने ओल्या पदराने तोंड पुसलं. "परत कोण जाऊ शकणार होतं त्या दर्यात..."

"कुनाची होडी व्हती ती?" केसरीनाथने विचारलं.

खालाने मान खाली घातली.

ठमाबाई बोलली. "माझ्या सासऱ्याची." आणि एकदम तिने केसरीनाथचा दंड धरला. "केसरी, तू पन तेच बोललास. थांब, आलोच परत... तू पन तेच... जा र बाबा. जा. माझा मानूस हाय तिथं. बिगी जा!"

दाऊद होडीत चढायला पुढे झाला. त्याने नुसता काठावर हात टेकला आणि पाणी आत आलं. तो मागे सरला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. केसरीनाथला जायचं नव्हतं. त्याने पुढे मला उघड सांगितलं, पळून जावंसं वाटत होतं. पण ठमाबाई समोर उभी होती.

तो गेला.

रिकामी होडी. एकटा माणूस. आणि बांबू वाकेपर्यंत जोर लावला तरी होडी इंच इंच सरकत होती. समोर नाळेवर अंधार. बॅटरी त्याच्या खिशात होती. त्याने ती काढली नाही.

एक खांब गेला.

मग दुसरा.

नाळेची फळी करकरली. कुणी बसल्या जागी जरा सावरून बसावं, तशी.

"बाय," केसरीनाथ म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "बाय, तो पोर व्हता तवा. धा वर्साचा पन नसंल. त्याला काय ठावं?"

पाऊस.

"मना पोरं हायत, बाय. मना जाऊ दे. त्याला घेऊन जाऊ दे."

फक्त समोरून, वारा उलटा असूनही, पदर फडफडल्याचा आवाज... भुरभुर... भुरभुर.

तो रडत बांबू मारत राहिला. "लडकूदादा! आलू! आलू मी!" ओरडत राहिला. लांबून ओ आली. एकदाच आली. "हाय र... माळ्यावर..."

होडी ओट्याला टेकली.

आणि हलकी झाली.

इतकी एकदम, की केसरीनाथ बांबूसकट पाठीवर पडला. होडी पाण्यावर नुसती उडायला लागली, सुक्या नारळाच्या करवंटीसारखी. तो उठला. बॅटरी लावली. नाळ रिकामी.

"लडकूदादा?"

घरात छातीभर पाणी होतं, पण माळा चांगला वर होता. कोरडा. केसरीनाथ होडी आडव्या दांडीला बांधून भिंतीच्या भगदाडातून आत शिरला, माळ्यावर चढला. घोंगडी पसरलेली. त्यावर माणूस बसल्याचा खळगा. वाशावर ठेवलेली बिडी, अर्धी, टोकाला लाल. जळत होती अजून.

"लडकूदादा..."

...

ती रात्र तो त्याच माळ्यावर बसून होता. पुढे जायची ताकद नव्हती, मागे जायची हिंमत नव्हती. तो हाका मारत राहिला. पहाटे पाणी मुकाट्याने उतरायला लागलं, आणि ते कमरेएवढं असतानाच तो खाली उतरून होडीत जाऊन बसला.

लडकू सापडला नाही. पोलीस आले, कोळ्यांनी जाळी टाकली, तिवरांत शोधलं, पार वसईच्या खाडीपर्यंत माणसं गेली. कपडासुद्धा मिळाला नाही. ठमाबाईने खूप दिवस कपाळावरचं कुंकू पुसलं नाही. नंतर ती मुलाकडे भिवंडीत राहायला गेली. खारवाडी त्याच वर्षी उठली. केसरीनाथने होडी विकली नाही, फोडून टाकली, आणि मरेपर्यंत कुणालाही "आलोच परत" असं म्हटलं नाही. बाजारात जातानासुद्धा म्हणायचा, "जातो." बायको चिडायची.

*

चांगदेवांनी पुन्हा तंबाखू मळायला घेतली. बाहेर पन्हाळी वाहत होती.

"मग ती बाई घेऊन गेली त्याला?" महमूदने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक," चांगदेव म्हणाले. "केसरीलाही ठाऊक नव्हतं. पण सकाळचं एक राहिलं सांगायचं."

पाणी ओसरल्यावर दाऊद ठमाबाईला घेऊन चालत आला होता. केसरीनाथसकट तिघं त्या घरात शिरली. आत पोटरीभर गाळ. भांडी, पेटी, पाळणा, सगळं गाळात. भिंतींवर गाळ, देव्हाऱ्यात गाळ. पाऊल टाकलं की पाय रुतून बसायचा, आणि त्यांच्याआधी त्या गाळात कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं.

फक्त चूल स्वच्छ होती.

स्वच्छ आणि सारवलेली. ताज्या शेणाने, ओली, बोटांचे अर्धगोल फराटे काठाकाठाने नीट फिरवलेले. ठमाबाई बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिने आपला हात त्या फराट्यांवर, न टेकवता, धरून पाहिला.

फराट्यांतली बोटं फार लहान होती. नव्या नवरीच्या हाताएवढी.