बॉम्ब पडायला एक मिनिट

देवासच्या तंबूतल्या सिनेमात दुपारच्या खेळाला विद्युल्लता एकटीच हसली, आणि पडद्याशेजारी भोंगा घेऊन उभा असलेला नीलकंठ बोलता बोलता अडखळला. सिनेमा इंग्रजी, अणुबॉम्बवरचा, पण पोट धरून हसवणारा. लोकांना इंग्रजी कुठलं कळायला! म्हणून प्रत्येक बोलणं नीलकंठ मराठी-हिंदीत सांगायचा.

खेळ सुटल्यावर त्याने तिला दारातच गाठलं.

"मी सांगायच्या आधीच हसलात?"

"तुम्ही खोटं सांगितलंत म्हणून हसले. तो सेनापती देशासाठी रडत नव्हता... बॉम्बनंतर आपल्याला सलाम कोण ठोकणार, म्हणून रडत होता."

"अस्सं! मास्तरीणबाई दिसता."

"आहेच. मुलींना इंग्रजी शिकवते."

"मग उद्या या. माझ्याही चुका काढा."

ती आली. परवाही आली. चुका कमी झाल्या, दारातलं थांबणं मात्र लांबत गेलं. चौथ्या दिवशी ती खेळाआधीच आली, चेहरा उतरलेला.

"उद्या धारचे पाहुणे येतायत. सुपारी फुटेल. आज आप्पाही सिनेमाला आलेत."

"आणि तुमच्या मनात—?"

"मला कोणी विचारलंय कुठे?"

ती बायकांच्या कनातीमागे जाऊन बसली. पुढे खुर्चीत तिचे वडील आप्पा, म्हणजे मोरोपंत, ताठ बसले होते. पडद्यावर दोन देशांचे सेनापती बॉम्बच्या बटणापाशी अदबीने भांडत होते. आधी तुम्ही! छे छे, आधी तुम्ही! तंबू हसून लोटपोट. विद्युल्लता मात्र हसली नाही.

मग खंदकातला शिपाई चहाचा पेला धरून काहीतरी पुटपुटला. नीलकंठने भोंगा उचलला. त्याने कनातीकडे पाहिलं.

"हा म्हणतो... बॉम्ब पडायला एक मिनिट उरलंय. एका मुलीला विचारायचं राहूनच गेलं. तिने नुसतं हो म्हणावं... मग खुशाल पडू दे."

मागून कोणी ओरडलं, "अरे भिया, जल्दी पूछ ना!"

हशा उसळला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. पडद्यावर धुराची छत्री उभी राहिली आणि सिनेमा संपला.

टांग्यात बसल्यावर आप्पा म्हणाले, "विद्ये, तो शिपाई खरंच तसं म्हणाला?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही आप्पा. तो साखर मागत होता."

आप्पांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"मग त्या मुलीने काय सांगितलं?"

"तिला... बोलताच आलं नाही."

"आता येईल?"

तिने पदर मुठीत घट्ट धरला. "हो म्हणते ती."

आप्पांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा नीट घातली.

"भिया, टांगा वळव," ते टांगेवाल्याला म्हणाले. "आधी तारघर. धारच्या लोकांचा हेलपाटा वाचवू. मग तंबूकडे घे."