विमान गुलबर्ग्याला उतरलं

चिटगुप्प्याहून औषध घेऊन दुबलगुंडीला परतलो तेव्हा उन्हं कलली होती. औषध नावालाच. माझी बायको चन्नव्वा आता उठणार नव्हती. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं होतं. सकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मुलीनं, नागरत्नानं, चमचा ओठांना लावला की तोंड मिटायची. संगूच्या हातचं शेवटचं पाणी घेऊनच जाईन, एवढंच म्हणायची.

संगू, म्हणजे आमचा एकुलता मुलगा संगमेश्वर, बेंगळुरूहून विमानात बसला होता. बीदरला उतरला की तासाभरात घरी. शेजारचा माणिकराव ओट्यावर बसून विमानाचं कौतुक सांगत होता, बीदर ते गुलबर्गा विमानाला वीस मिनिटं लागतात, तंबाखू मळून होत नाही तोवर पोचतं. त्या वाटेनं मी बैलगाडीत तूर नेली आहे. म्हटलं, तुझी तंबाखू घे अन् घरी जा. गेला.

लाईट गेली होती. आतल्या खोलीत दिवसाच अंधार. विभूतीचा आणि औषधाचा वास.

संगू आला तेव्हा गाडीचा आवाज झाला नाही. चौकात उतरून चालत आला असेल. तो सरळ आईच्या उशाशी बसला. वैशाखाच्या उन्हातून आलेला माणूस, पण त्याच्या जवळून जाताना माठाजवळून गेल्यासारखा गारवा लागला.

नागरत्ना पाणी आणायला उठली. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी दारात गेलो.

"अप्पा, संगू बोलतोय. बीदरवर वादळ हाय, विमान उतरलंच न्हाई... आत्ता गुलबर्ग्याला उतरवलेत. दोन तासांत पोचतो. आईला थांब म्हणा."

आवाज त्याचाच.

मी वळून पाहिलं. उशाशी बसलेल्याची पाठ दिसत होती. पाठही त्याचीच. चन्नव्वाचा श्वास अडकत होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. दोन तास तिच्यापाशी नव्हते.

नागरत्नानं वाटी त्याच्या हातात दिली. तो तसाच थांबला. मान न वळवता म्हणाला,

"अप्पा... पाजू?"

"अप्पा, कामून गप बसलाव?" फोनमधून संगू विचारत होता. "आई हाय ना?"

आयुष्यात मी कोणापुढं मान खाली घातली नाही. त्या दिवशी घातली. तिला तहानेलं पाठवणं माझ्यानं होणार नव्हतं.

"पाज," मी म्हणालो.

चन्नव्वानं तोंड उघडलं. घोट गिळल्याचा आवाज दारापर्यंत आला. तिनं हात उचलून त्याच्या गालावर ठेवला. हात खाली पडला तेव्हा ती गेली होती.

नागरत्ना आईच्या अंगावर कोसळली. तिला सावरून मी वर पाहिलं तर उशाशी कोणी नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी. पुढच्या दाराची वाट मी अडवून बसलो होतो; तिथून कोणी गेलं असतं तर मला धक्का लागला असता.

दिवेलागणीला भाड्याची मोटार दारात थांबली. संगू उतरला, खांद्याला बॅग. आईजवळ बसून पुष्कळ रडला. त्याला खरं सांगायचं नाही, हे मी ठरवलं होतं. म्हटलं, तुझ्याच हातचं समजून पाणी पिऊन गेली.

त्यानं डोळे पुसले.

"व्हय की, अप्पा," तो हळूच म्हणाला. "पण मी पाणी पाजायलतो तवा... तुम्ही दारात फोनवर कुणासंगं बोलायलतात?"