भिमाची हजेरी

प्रांजल म्हणला, "भिमाची हजेरी देऊन दाखव, तर तुला मानतो."

मी म्हणलो, "बघच."

तुला पोलीस भरतीच्या ॲकॅडमीत जायचंय ना, म्हणून सांगतो राव. पहाटं शिट्टी. भिजवलेलं हरभरं. मग पळणं, गोळाफेक, आन् एकानं चूक केली की सगळ्यांना बेडूकउड्या. त्याची सवय व्हती. हजेरी मात्र मला नुसता टाइमपास वाटायची.

आमची ॲकॅडमी बेल्ह्याला. पावसाळ्यात सावळाराम सर आमाला टेम्पोनं घाटघरला न्यायचे, चढावर पळवायला. सर फौजेतनं रिटायर झालेले. त्या दुपारी धुकं असं, की पुढच्याची पाठ दिसंना. कड्याकडनं वळून आमी टेम्पोपाशी आलो. भिमा मागं राह्यला, पोटरी आखडली म्हणून. मेंढरंवाल्यांच्या घरातला, लाजरा गडी. तो न्हाई दिसला की सगळ्यांना शिक्षा, म्हणून तर ही पैज.

"भिमा?"

"हजर, सर." हुबेहूब त्याच्यासारखा, खाली मान घालून.

पोरं फिदीफिदी हसली. मला वाटलं, येईलच तो.

आला न्हाई.

टेम्पो सुटायच्या आधी सरांनी परत हजेरी घेतली. म्हणलं, आता गप ऱ्हायचं. सरांना आपोआप कळंल.

"भिमा?"

"हजर... सर."

माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेतनं. आवाज भिमाचा नव्हता. माझाबी नव्हता. शेवाळाचा गार वास आला.

"बास की आता," प्रांजल पुटपुटला.

"आरं, मी न्हाई बोललो..."

"चला, सगळी आली," सर म्हणले. ड्रायव्हरनं चावी फिरवली.

मी टेम्पोच्या पुढं जाऊन उभा राह्यलो. "सर, भिमा आलाच न्हाई. पहिली हजेरी मी दिली."

सरांनी मारलं न्हाई. नुसतं बघितलं. ते लई वाईट.

"दोर घ्या," म्हणले.

भिमा कड्याच्या खालच्या टप्प्यावर झुडपाला धरून पडला व्हता, पाय मुरगळलेला. ओढून वर घेतला. सरांनी अंगातला रेनकोट काढून त्याला घातला.

"लई हाका मारल्या, सर," त्याचा घसा बसला व्हता. "टेम्पो चालू झाल्याचं ऐकलं, तवा रडू आलं."

सर त्याचं डोकं पुसत राह्यले. मग आमच्याकडं वळले.

"दुसरी हजेरी कुणी दिली? शिक्षा न्हाई करणार. खरं सांगा."

आमी एकमेकांची तोंडं बघत व्हतो.

मग खाली दरीतनं, धुक्याच्या आतनं, एकदम शिस्तीत आवाज आला...

"मी, सर."

सरांच्या हातातला दोर गळून पडला.

"हजेरीत माझं नाव आता कुणी घेतच न्हाई... म्हणून त्याच्या नावाला ओ दिली."