आत्मारामच्या पंचेचाळीस ओळी

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल त्यांनी आगाशीला यावं, बाजारामागचं ट्रस्टचं प्रसूतिगृह विचारावं, आणि तिथल्या उर्सुला सिस्टरांसमोर ‘खोटं’ हा शब्द उच्चारून दाखवावा. धड परत आलात तर कळवा.

भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांचीही जरा पंचाईत होणार आहे. हे घडलं गेल्या एप्रिलमध्ये, शुक्रवारी, भर दुपारी. दोन वाजून वीस मिनिटांनी. ऊन असं, की कुत्र्यांनीही भुंकायचं काम संध्याकाळवर टाकलं होतं.

ज्यांच्या बाबतीत घडलं त्या कृतिका चुरी. राहणार बोळिंज, वय एकतीस, काम सर्व्हर सांभाळणं. बोलण्यात सढळ, घाबरण्यात कमालीची काटकसरी.

प्रसूतिगृहात लशींचे तीन फ्रिज. त्यांचं तापमान दर मिनिटाला वाचून नोंदवणारी एक सर्व्हिस, म्हणजे एक प्रोग्रॅम, सर्व्हरवर दिवसरात्र गुपचूप चालते. तापमान चढलं की अलार्म वाजवते. सगळे तिला ‘पहारेकरी’ म्हणतात.

मागच्या वर्षी सोळा मेच्या दुपारी हा पहारेकरी गप्प राहिला. चारशे लशी फुकट गेल्या. फ्रिजच्या खोलीची किल्ली उर्सुला सिस्टरांकडे, म्हणून दोषही त्यांच्याकडे. सव्वीस वर्षांची नोकरी, आणि अकरा महिने घरी. कॉम्प्युटर आत्माराम नावाच्या ऑपरेटरकडे होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

जूनमध्ये आत्माराम गेला. सर्व्हरच्या खोलीतच, आपल्या खुर्चीत.

त्यानंतर ट्रस्टला सर्व्हरची काळजी वाटू लागली आणि कृतिकाला बोलावणं आलं. काम एकच. पहारेकऱ्याभोवती नियमांचं कुंपण घालायचं. कुठली सर्व्हिस कुठल्या फाईलला हात लावू शकते, याची पक्की यादी. यादीत नाव नसेल तर सर्व्हरच्या मालकालाही बंदी.

हे काम करायची एक रीत असते. आधी दहा दिवस दार उघडं ठेवायचं. अडवायचं कुणालाच नाही, पण कोण आलं आणि काय मागून गेलं ते लॉगमध्ये टिपत राहायचं. मग त्या मागण्यांवरून नियम करायचे. एक कमांड दिली की प्रत्येक मागणीची परवानगी होते.

शहाणा माणूस मध्ये थांबून मागण्या वाचतो.

त्या सकाळी लॉगमध्ये दोनशे बारा मागण्या होत्या. कृतिकाने कमांड दिली आणि चहाला गेली.

तिला दोष देऊ नका. तिचं लक्ष भलतीकडे होतं. जुन्या फाईली लावताना तिला सोळा मेची मूळ नोंद सापडली होती. पंचेचाळीस ओळी. पहिलीच ओळ अशी: ‘२.१० अलार्म बंद. ऑपरेटर आत्माराम.’ खाली दर मिनिटाला चढत गेलेलं तापमान.

ट्रस्टचे सेक्रेटरी विद्याधर राऊत. वाडीतले नारळ आणि गावातली पापं दोन्ही मोजून ठेवणारा माणूस, फक्त आपल्या माणसांची पापं मोजताना आकडा चुकायचा. आत्माराम त्यांचा मेहुणा. कृतिकाने त्यांना नोंदीचं सांगितलं.

“पोरी, मेलेल्याचं नाव कशाला चिखलात ओढतेस? सिस्टरांना शाल-श्रीफळ देऊन मानाने निरोप देऊ.”

“शाल-श्रीफळ दोषी माणसाला देतात की निर्दोष माणसाला, भाऊ? एकदा ठरवा.”

विद्याधरभाऊंनी चष्मा पुसला. “बरं. चार वाजता सिस्टरांच्या प्रकरणावर समिती बसतेय. मूळ नोंद सर्व्हरवर उघडून दाखव. छापील कागद, मोबाईलवरचे फोटो, कॉपी केलेली फाईल, मी काही मानणार नाही. कागद काय, कुणीही टाईप करतं.”

नोंदीची दुसरी प्रत नव्हती. बॅकअप ठेवणं आत्मारामकडे होतं, म्हणजे बॅकअप नव्हता.

म्हणून दोन वीसला कृतिकाने ती फाईल पुन्हा उघडली. फक्त खात्री करायला.

चव्वेचाळीस ओळी.

तिने पुन्हा मोजल्या.

त्रेचाळीस.

सर्व्हरचा पंखा घरघरत होता. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. आणि मग… दोन्ही आवाज थांबले. पंखा फिरताना दिसत होता. आवाज मात्र नव्हता.

त्या शांततेत कोपऱ्यातून एकच आवाज आला…

टक्.

कोपऱ्यात आत्मारामचं जुनं टेबल होतं. त्यावर जुना कीबोर्ड. त्याची वायर टेबलाखाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली.

टक्.

एक्केचाळीस.

कृतिका उठून टेबलापाशी गेली. कीबोर्डवर धुळीचा थर होता. एकाच बटणावर धूळ नव्हती…

खोडायच्या बटणावर.

ती धावली, पण दाराकडे नाही, आपल्या खुर्चीकडे. लॉग उघडला. मागणारं खातं: आत्माराम. हे खातं जूनमध्येच बंद केलेलं. मागणाऱ्या प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, नंबर होता. त्या नंबरची प्रोसेस मात्र सर्व्हरवर नव्हती.

तिने उघडं दार बंद केलं. म्हणजे कुंपण चालू केलं. आता यादीत नसलेल्याला बंदी.

“झालं काका,” ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली. “आता जेवढं बडवायचं तेवढं बडवा.”

टक्.

छत्तीस.

दार करकरलं. उर्सुला सिस्टर आत आल्या, हातात डबा. समितीसाठी लवकर येऊन बाहेर बसल्या होत्या.

“बाय, दोन घास खाऊन घे. अगं, चेहरा काय झालाय तुझा?”

टक्.

सिस्टरांनी कोपऱ्याकडे पाहिलं. हात आपोआप कपाळ, छाती, खांद्यांवरून फिरला.

“आत्माराम,” त्या हळूच म्हणाल्या. “असंच एका बोटाने टाईप करायचे.”

“सिस्टर, मी त्यांना बंदी केलीय. तरी खोडतायत. नोंद जातेय तुमची!”

“मग सर्व्हर बंद कर.”

“सर्व्हर बंद म्हणजे पहारेकरीही बंद. आत बाळांच्या लशी आहेत आणि बाहेर हे ऊन.”

“मग नको,” सिस्टर लगेच म्हणाल्या. सव्वीस वर्षं अशीच काढली होती त्यांनी. “माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण ते आत आले कसे? कोणी सोडलं त्यांना?”

कृतिकाचे हात थांबले.

कोणी सोडलं?

तिने सकाळची नियमांची यादी उघडली. दोनशे बारा. वरून एकेक वाचायला लागली. सकाळी वाचायची ती आता वाचत होती.

टक्. एकोणतीस.

पहारेकऱ्याला तापमान वाचायची परवानगी. अलार्म वाजवायची परवानगी. टक्. टक्. सत्तावीस. एकशे ऐंशी नियम झाले, घामाने बोट माऊसवरून घसरत होतं…

एकशे सत्त्याण्णव.

जुना ऑपरेटर. जुन्या नोंदी. लिहायची आणि खोडायची परवानगी.

खाली परवानगी देणाऱ्याचं नाव होतं…

कृतिका चुरी.

दहा दिवस दार उघडं होतं. तो येऊन शिस्तीत मागणी नोंदवून गेला होता. आणि तिने न वाचता मंजूर केली होती.

तिने ओळ उडवली. नवी यादी बांधायला घेतली. त्याला मिनिटभर लागतं. ते मिनिट काही सरेना. कोपऱ्यातून आता एकेक टक् नव्हती, सर लागली होती. वीस. सोळा. तेरा. आत्मारामची खुर्ची हळूहळू वळली… आणि तिच्या दिशेला तोंड करून थांबली. रिकामी.

“बघा, बघा!” कृतिका ओरडली. “परवानगी मी दिली होती ना? मीच काढते! अकरा महिने दुसऱ्याच्या माथी मारलंत, आता पुरे. मेलात म्हणून सूट नाही!”

यादी लागू झाली.

टक्.

लॉगमध्ये ओळ आली: नाकारलं.

टक्. नाकारलं. मग मागणी सर्व्हरच्या मालकाच्या नावाने आली. नाकारलं. मग… कृतिकाच्याच नावाने आली. ती आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. नाकारलं.

पंख्याचा आवाज परत आला. बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. इतकं गोड भांडण तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

नऊ ओळी उरल्या होत्या. पहिली शाबूत होती.

चार वाजता समितीने ती पडद्यावर वाचली. विद्याधरभाऊ म्हणाले, “बाकीच्या छत्तीस कुठायत?”

“तुमच्या मेहुण्यांना विचारा,” कृतिका म्हणाली. “खोलीतच आहेत.”

कुणी हसलं नाही. सोमवारी उर्सुला सिस्टर कामावर रुजू झाल्या, किल्लीसकट.

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

त्या दिवसापासून लॉगमध्ये रोज दुपारी मागण्या येतात. कधी चार, कधी चाळीस. सगळ्या नाकारलेल्या. नियमांत एक ओळ लिहिली की असे नकार लॉगमध्ये दिसेनासे होतात. विद्याधरभाऊंनी दोनदा सुचवलं. कृतिका म्हणते, “त्यांना मागायची लाज वाटत नाही, मी नकार का लपवू?”

पण मागच्या गुरुवारी मागणी एकच आली. आणि ती नाकारलेली नव्हती.

खातं आत्माराम. फाईल तीच. मागणी, फक्त वाचण्याची. मंजूर.

कृतिकाने नियमांची यादी तीनदा वाचली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. अशी परवानगी तिने दिलेली नाही. सर्व्हरवर दुसऱ्या कुणाचं चालत नाही. सिस्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मी चर्चमध्ये त्यांच्या नावाने मेणबत्ती लावली बाय, बाकी काही नाही.”

आता रोज ती फाईल उघडली जाते. पाऊण तास उघडी राहते. मग बंद होते. नऊच्या नऊ ओळी तशाच.

परवानगी कोणी दिली, हे तिला अजून सापडलेलं नाही. त्या वेळात तिच्या मानेवरचे केस उभे राहतात, हे ती स्वतःच कबूल करते.

तरी ती खोली सोडत नाही. खुर्ची कोपऱ्याकडे वळवून बसते आणि म्हणते,

“वाचा, काका. मोठ्याने वाचा. पहिल्या ओळीपासून.”